ऋण सोडायचं कसं? ख्रिस्ती माणसासाठी क्षमेची वाट, एकेक पाऊल

भायखळ्याच्या आमच्या मंडळीत दर रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणताना एका ओळीला माझा आवाज बसायचा. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.' दोन बाकं पुढे दादा उभा असायचा, मला त्याची मान दिसायची. सहा वर्षं आम्ही एकमेकांना साधा सलामही केला नव्हता. ती ओळ मी नुसते ओठ हलवून पार करायची.

कारण मुंबईत घरोघरी असतं तेच, आईची खोली. आई गेली, इमारत नव्यानं बांधायचं ठरलं, आणि "सोसायटीच्या कामाला सह्या लागतात" म्हणून दादानं मला निबंधक कार्यालयात नेलं. गर्दी होती. फोटो निघाला, अंगठा घेतला, पाच मिनिटांत बाहेर. तो कागद हक्कसोड पत्र होता. वाचला असता तर कळलं असतं, पण सख्ख्या भावानं पुढे केलेला कागद कोण वाचतं? आपल्याला लागू असलेल्या १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात, मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी सारखेच वाटेकरी असतात, हे मला नंतर कळलं.

'क्षमा करा' असे उपदेश मी लहानपणापासून ऐकले. कशी करायची, सोमवारी सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे सांगणारे फार थोडे भेटले. म्हणून हा लेख. मी धर्मपंडित नाही. मी चाललेली वाट सांगते आहे, आणि जिथे ठेचकाळले त्या जागाही.

आधी येशू नेमकं काय म्हणाला ते वाचा

मत्तय ६ मध्ये प्रार्थना शिकवून झाल्यावर येशू तिच्यातल्या एकाच मागणीकडे परत वळतो. रोजच्या भाकरीकडे नाही, परीक्षेकडेही नाही, क्षमेकडे. तुम्ही माणसांना क्षमा केली नाही तर तुमचा पिताही तुम्हाला करणार नाही, असं चौदाव्या-पंधराव्या वचनात स्पष्ट आहे. म्हणजे क्षमा ही विश्वासातली जास्तीची पायरी नव्हे, ती उंबऱ्यावरच आहे.

मग मत्तय १८ उघडा आणि हिशेब मांडा. राजाचं देणं असलेल्या चाकराची गोष्ट आपण शंभरदा ऐकलेली असते, पण आकडे कोणी फोडून सांगत नाही. मूळ मजकुरात त्या चाकराचं देणं १०,००० तालांत आहे. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. येशूच्याच दुसऱ्या एका गोष्टीत द्राक्षमळ्यातल्या मजुरांना तोच ठरला होता. म्हणजे देणं झालं सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं. वर्षाचे ३०० दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं. हे कोणी फेडूच शकत नाही, आणि राजा ते सोडतो.

त्या चाकराला दुसऱ्या चाकराकडून येणं होतं १०० दिनार, आणि ते मात्र त्यानं सोडलं नाही. इथे बहुतेक उपदेशक 'अगदी क्षुल्लक रक्कम' म्हणून पुढे जातात. मला ते पटत नाही. मुंबईतल्या कुठल्याही मजूर नाक्यावर सकाळी सातला उभ्या असलेल्या माणसाला विचारा, १०० दिवसांची मजुरी क्षुल्लक आहे का. त्यात मुलांच्या फीचं वर्ष निघतं. येशूनं आपल्यावर झालेला अन्याय शून्य धरलेला नाही. आपलं येणं खरं आहे, मोठं आहे, खात्यावर आहे. फक्त त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून बघ, एवढंच तो म्हणतो. हे समजलं त्या दिवशी मला पहिल्यांदा श्वास घेता आला. माझं दुःख खोटं ठरवल्याशिवाय क्षमा करता येणार होती.

भावाला किती वेळा क्षमा करायची, असं विचारणाऱ्या पेत्राला मिळालेलं 'साताच्या सत्तर वेळा' हे उत्तरही हवेतून आलेलं नाही. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काइनाचा वंशज लामेख आपल्या बायकांपुढे बढाई मारतो, की काइनाचा सूड सातपट तर माझा सत्याहत्तरपट. सूड जितका फुगला होता, तितकीच क्षमा येशू फुगवतो.

पहिलं पाऊल: हिशेब लिहा

ऋण सोडायचं तर ते किती आहे हे माहीत हवं. आपल्याकडे लगेच म्हणतात, 'झालं गेलं गंगेला मिळालं'. म्हण चांगली आहे, पण हिशेब न करता बोलली तर ती क्षमा नव्हे, झाकण आहे. आत वाफ तशीच राहते. मग नवऱ्यावर, मुलांवर, लोकलमध्ये धक्का लागलेल्या अनोळखी बाईवर ती निघते.

मी कालनिर्णयचं जुनं पान फाडलं आणि त्याच्या पाठीवर लिहायला बसले. पहिल्या ओळीत खोलीचे चौरस फूट, दुसऱ्या ओळीत त्या भागातला भाव. तिसऱ्या ओळीपासून पेन जड झालं. आईच्या वर्षश्राद्धासारखी तिची आठवणीची प्रार्थना होती, तिचा निरोप मला दिला नाही. आईचं गीतपुस्तक आणि पितळी डबा विचारून नेला नाही. सगळ्यात शेवटी लिहिलं, 'दादानं मला कागद वाचायला वेळ दिला नाही.' ते लिहिलं आणि रडू आलं. तेव्हा कळलं की सहा वर्षं मी चौरस फुटांवर भांडत होते आणि दुखत होतं दुसरीकडे.

तुम्हीही लिहा. कागदावर, मोबाइलवर नको; मोबाइलवर लिहिलेलं कधी ना कधी कोणाला तरी पाठवलं जातं. 'तो असाच आहे' असं स्वभावाविषयी काही लिहू नका, त्यानं काय केलं तेवढंच लिहा. एका बैठकीत होत नाही. मला चार दिवस लागले.

दुसरं पाऊल: देवापुढे सभ्यपणा बाजूला ठेवा

५५वं स्तोत्र वाचा. निंदा करणारा वैरी असता तर सोसलं असतं, पण तो तूच निघालास, माझ्या बरोबरीचा, माझा सोबती, ज्याच्यासोबत मी देवाच्या घरी जात असे, असं तिथं म्हटलं आहे. दोन बाकांवरून भावाची मान बघणाऱ्या बाईला याहून जवळचं काय असेल? १०९वं तर शापांनी भरलेलं आहे. ही स्तोत्रं पवित्र शास्त्रात ठेवली आहेत ती काही चुकून नव्हे. राग माणसाच्या अंगावर काढण्याऐवजी देवाच्या कानात ओतायची ती जागा आहे. 'सूड घेणं माझ्याकडे आहे' हे वचन पौल रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात सांगतो ते याच अर्थानं. तुमची फिर्याद फाडली जात नाही, ती वरच्या न्यायालयात जाते.

दार लावून, मोठ्यानं बोला. चाळीत किंवा वन-रूम-किचनमध्ये दार लावायची सोय नसते हे मला माहीत आहे. मी गच्चीवर जायची, कपडे वाळत घालायच्या निमित्तानं.

तिसरं पाऊल: काय सोडायचं नाही ते ठरवा

याच ठिकाणी सगळ्यात जास्त गोंधळ होतो आणि याच ठिकाणी लोकांचं नुकसान होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

क्षमा, समेट आणि विश्वास ही तीन वेगळी खाती आहेत. क्षमा एकट्यानं करता येते. समेटाला दोघं लागतात. विश्वास वेळ घेतो आणि पुरावा मागतो. योसेफाचंच पाहा. त्याला विकणारे भाऊ धान्यासाठी मिसरात आले तेव्हा त्यानं पहिल्याच भेटीत गळ्यात हात टाकले नाहीत. त्यानं त्यांना पारखलं, धाकट्या बन्यामिनाला संकटात टाकून हे पुन्हा सावत्र भावाला सोडून पळतात का ते पाहिलं. 'याच्या जागी मला गुलाम करून ठेवा' असं यहूदा म्हणाला, तेव्हाच योसेफाचा बांध फुटला. माणूस बदलला आहे का हे पाहणं म्हणजे मनात अढी ठेवणं नव्हे.

क्षमा केली म्हणजे कायदा थांबत नाही. २२ जानेवारी १९९९च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूर गावात ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स यांना त्यांच्या फिलिप आणि टिमोथी या दोन मुलांसह गाडीत जिवंत जाळण्यात आलं. मुलं दहा आणि सहा वर्षांची होती. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीरपणे सांगितलं आणि बारिपदाच्या कुष्ठरोग्यांच्या सेवेत त्या पुढेही राहिल्या. खटला मात्र चालला, शिक्षा झाली, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या आणि एकीनं दुसरीला खोटं पाडलं नाही.

म्हणून मार खाणाऱ्या बाईला 'क्षमा कर आणि घरी जा' असं सांगणं मला पाप वाटतं, मग सांगणारा पाळक असो, फादर असो की सासूबाई. मनातून क्षमा करूनही ती वेगळी राहू शकते, कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५च्या कायद्याचा आधार घेऊ शकते. महिला हेल्पलाइन १८१ आहे, तातडीला ११२. लहान मुलावर अत्याचार झाला असेल तर १०९८ वर कळवा. २०१२च्या पोक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती असून ती दडवणं हाच गुन्हा आहे, आणि मंडळीची अब्रू हे कारण तिथे चालत नाही. जखम इतकी खोल असेल की झोप लागत नाही, जगावंसं वाटत नाही, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला. प्रार्थना आणि समुपदेशन एकमेकांचे वैरी नाहीत.

माझ्यापुरतं मी ठरवलं की पैशाचा कुठलाही व्यवहार दादाबरोबर पुन्हा करायचा नाही आणि वाचल्याशिवाय कशावरही सही करायची नाही. हे दोन्ही नियम मी आजही पाळते, आणि त्यानं माझी क्षमा कमी होते असं मला वाटत नाही.

चौथं पाऊल: सोडण्याचा दिवस

भावना आपोआप निवळतील मग क्षमा करू, असं म्हणत मी दोन वर्षं घालवली. त्या निवळत नाहीत. क्षमा आधी ठरवायची असते, मन मागून चालत येतं, कधी फरफटत.

माझा दिवस उत्तम शुक्रवारचा निघाला. बारा ते तीनच्या उपासनेत वधस्तंभावरचे सात उद्गार घेतात, आणि पहिलाच उद्गार आहे, 'हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही.' शेकडो वेळा ऐकलेलं. त्या दुपारी पंख्याखाली घामानं भिजलेली बसले असताना एक गोष्ट लक्षात आली. येशू तिथे 'मी तुम्हाला क्षमा करतो' असं म्हणत नाही, तो बापाला मागतो. माझ्या तोंडून 'मी दादाला क्षमा करते' हे शब्द निघतच नव्हते, पण 'बापा, तू त्याला क्षमा कर' एवढं म्हणता आलं. तिथून सुरुवात झाली. तुमचीही जीभ अडत असेल तर हीच ओळ उसनी घ्या.

घरी येऊन कालनिर्णयचं पान काढलं. एकेक ओळ वाचून प्रत्येकीपुढे 'सोडलं' असं लिहिलं आणि खाली तारीख घातली. निबंधक कार्यालयात माझ्याकडून हक्क सोडवून घेतला होता. या कागदावर मी तो स्वतः, वाचून, समजून सोडला. पान नंतर गॅसवर जाळलं. जाळलंच पाहिजे असं नाही, पण जपून ठेवू नका.

कॅथलिक वाचकांनी ही अढी पापनिवेदनाच्या वेळी फादरांना सांगावी. आपल्या तोंडून ती दुसऱ्या माणसाच्या कानावर गेली की तिचं वजन उतरतं. आमच्याकडे तो संस्कार नाही, मी पाळकसाहेबांच्या पत्नीशी बोलले.

पाचवं पाऊल: त्याचं नाव घेऊन प्रार्थना

'तुमचा छळ करणाऱ्यांसाठी प्रार्थना करा' हे मत्तय ५:४४ मध्ये आहे. चाळीस दिवस करून बघा. मोठं काही मागू नका, पहिल्या आठवड्यात ते खोटं वाटतं. मी दादाच्या गुडघ्यांपासून सुरू केलं, ते त्याला खरंच त्रास देतात. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या मुलीच्या नोकरीसाठी मनापासून मागता आलं.

सहावं पाऊल: भेट, जमत असेल तर

मत्तय १८:१५ क्रम देतो. आधी एकट्यानं जाऊन, दोघांतच बोल. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर ने. तरी नाही तर मंडळीला सांग. आपण नेमकं उलटं करतो. आधी अख्ख्या मंडळीला कळतं, मग मावशांना, आणि भावाला सगळ्यात शेवटी.

भेटीची जागा विचार करून निवडा. लग्नाचा हॉल नको, मयताचं घर नको, कुटुंबाचा व्हॉट्सअॅप ग्रुप तर मुळीच नको. मी दादाला राणीच्या बागेत बोलावलं. बाकावर शेजारी बसलं की एकमेकांकडे सतत बघावं लागत नाही, ते बरं पडतं. बोलायचं ते तीन वाक्यांत पाठ करून गेले होते: 'त्या दिवशी काय कागद आहे ते तू मला सांगितलं नाहीस. मला त्याचा फार त्रास झाला. मी ते सोडलं आहे, आणि ते तुला सांगायला आले.' 'तू नेहमीच' हे दोन शब्द टाळले. सुटले असते तर सगळं मुसळ केरात गेलं असतं.

दादा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मी काय केलं?"

घरी येताना बसमध्ये मला अंगात ताप भरल्यासारखं झालं. पुढची पायरी, साक्षीदार नेण्याची, मी घेतली नाही. खोलीसाठी मला आता भांडायचं नव्हतं. तुमच्या प्रसंगात ती घ्यावी लागेल कदाचित, आणि ती घेणं योग्यच आहे. लूक १७ मध्ये 'त्याने पश्चात्ताप केला तर त्याला क्षमा कर' असं आहे. समोरचा पश्चात्ताप करतच नसेल तर समेट अर्धवट राहतो, तो तुमच्या हातात नाही. 'तुमच्याकडून होईल तितके' असं पौल म्हणतो, आणि त्या तीन शब्दांनी मला फार आधार दिला.

आता चर्चच्या गेटवर दादा 'सलाम' म्हणतो. मीही म्हणते. सध्या तेवढंच आहे.

आपणच ऋणी असलो तर

मत्तय ५:२३ मध्ये वेदीपाशी अर्पण घेऊन उभ्या असलेल्या माणसाला आठवतं की भावाच्या मनात *त्याच्याविरुद्ध* काही आहे. येशू सांगतो, अर्पण तिथेच ठेव, आधी जा. हे ऐकणारे गालीलातले लोक होते आणि वेदी होती यरुशलेमेत, तीन-चार दिवसांच्या पायी वाटेवर. एवढी वाट परत तुडवायला सांगितली आहे, आणि आपल्याला लोकलनं दोन स्टेशनं जड होतात.

माझंही देणं निघालं. सहा वर्षं मी नगरच्या प्रत्येक नातेवाइकाला दादाची कहाणी तिखटमीठ लावून सांगितली होती. ज्या वहिनीचा त्या कागदाशी काही संबंध नव्हता, तिच्याशी बोलणं टाकलं होतं. मुलांना मामाकडे जाऊ दिलं नव्हतं. वहिनीकडे गेले तेव्हा तिनं चहा टाकला, आणि दूध उतू जाईपर्यंत आम्ही दोघी काहीच बोललो नाही. मग मी म्हटलं, "मी तुझ्याशी चुकीचं वागले. माफ कर." 'तुला वाईट वाटलं असेल तर' हे शेपूट कधीही लावू नका, ते लावलं की माफीची तक्रार होते. आणि जे भरून देता येतं ते भरून द्या. जकातदार जक्कयानं लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं होतं. मला पैसे द्यायचे नव्हते, म्हणून मी नगरला चार फोन केले आणि माझं जास्तीचं बोलणं मागे घेतलं. त्यातले दोन फार अवघड गेले.

राग परत येतो तेव्हा

येणारच. 'साताच्या सत्तर वेळा' म्हणजे ४९० वेगळे अपराध असंच मी धरून चालले होते. आता वाटतं, एकच अपराध तितक्या वेळा सोडावा लागतो. राग परत आला म्हणून आधीची क्षमा खोटी ठरत नाही.

दुसऱ्या बाजूचंही तसंच. योसेफाचा बाप याकोब मिसरात सतरा वर्षं जगला. तो गेल्याबरोबर योसेफाचे भाऊ घाबरले, की आता हा सूड घेणार. सतरा वर्षं त्याचं अन्न खाऊनही क्षमा त्यांच्या गळी उतरली नव्हती, आणि हे ऐकून योसेफ रडला. दादाला 'मी काय केलं' यापुढे यायला किती वर्षं लागतील ते देवाला ठाऊक.

नवी इमारत उभी राहिली आहे. तिच्याखालून बस जाते तेव्हा चौथ्या मजल्याकडे माझी मान वर जातेच. गेल्या आठवड्यात तिथल्या खिडकीत वहिनीनं आईची जुनी निळी गोधडी वाळत घातलेली दिसली. पोटात तोच जुना गोळा उठला. मी पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली आणि 'बापा, सोडलंय' असं पुटपुटले. शेजारच्या बाईनं वळून पाहिलं. बस सिग्नलला थांबली होती, म्हणून मी आणखी एकदा म्हटलं.